पाडव्याला मी घरी नव्हते

ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी ते आताच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढचं वाचताना अडचण होणार नाही. होय, नवऱ्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत मी परदेशी फिरायला गेले. होय, ऐन दिवाळीत गेले आणि एकटी गेले. जाताना पिवळाधमक स्वेटर घेऊन गेले, कारण तिकडे थंडी असते आणि मला पिवळा रंग आवडतो.

"वर्ष तरी होऊ द्यायचं हो," असं आमच्या कात्रजच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. वर्ष झाल्यावर नेमकं काय होतं, हे एकीलाही सांगता आलं नाही. ह्या सगळ्या महिन्यांत माझ्यासमोर ह्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मी आले की बोलणं थांबायचं, माना एका बाजूला कलायच्या आणि "आता बरं वाटतंय ना?" असं विचारलं जायचं, जणू मला गोवर आला होता.

त्यात येत होता पाडवा. बायकोने नवऱ्याला ओवाळायचा दिवस. संध्याकाळी प्रत्येक दारात निरांजन लागणार आणि त्याआधी प्रत्येक दारातून मला आमंत्रण येणार, की एकट्या कशाला बसता, आमच्याकडेच या जेवायला. कीव पानात वाढून घेण्यापेक्षा मी तिकीट काढलं. जॉर्जिया हा देश निवडला तो दोन कारणांनी. एक तर ट्रॅव्हलवाला म्हणाला की शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, आणि दुसरं म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही असा माझा अंदाज होता. तिबिलिसीच्या विमानतळावर कोथरूडचं एक कुटुंब भेटलंच, पण त्यांची बॅग हरवली होती, त्यामुळे त्यांना माझी चौकशी करायला सवड नव्हती.

निघण्याआधी, नारायण पेठ

लिफ्टमधल्या बायकांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते वन्संचं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही, पण मी लग्नाच्या दिवशी म्हटलं आणि ते सुटलंच नाही. सत्तरी ओलांडली आहे. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही ते पद त्यांनी सोडलेलं नाही. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांना भाऊ एकच, तो म्हणजे आमचे हे.

"कुठे जाणार म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"जॉर्जियाला."

"अमेरिकेत?"

"नाही हो वन्सं. रशियाच्या खाली."

"दिवाळीत?"

"दिवाळीत."

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "माझ्या भावाचं वर्ष व्हायचंय अजून."

"माझ्या नवऱ्याचंही."

"मग तुला कळायला हवं."

"कळतंय म्हणूनच चाललेय. पाडव्याला त्या घरात भिंतीकडे बघत बसायचं नाहीये मला."

"मग इथे ये."

"म्हणजे दोघी मिळून भिंतीकडे बघू?"

हे मी बोलायला नको होतं असं नंतर मला केतकी म्हणाली. केतकी माझी मुलगी, ती तेव्हा तिथेच होती. वन्संनी उठून खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जा. पण मग परत आल्यावरही इथे यायची तसदी घेऊ नकोस. आपलं बोलणं संपलं."

"बरं," मी म्हटलं.

"बरं तर बरं."

जिना उतरताना मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. हे लहानपणी कसे होते, कशाला घाबरायचे, कुठल्या झाडावरून पडले, हे सगळं माहीत असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं आणि त्याने मला दार बंद केलं होतं. तरीही तिकीट रद्द करावं असं माझ्या मनात आलं नाही. आलं होतं असं म्हटलं तर वाचायला बरं वाटेल, पण नाही आलं.

निघायच्या आदल्या दिवशी केतकी एक स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणावर कोरलेलं, 'कु. सुधा', म्हणजे वन्सं. आत चकल्या. आमच्यात ज्या घरी कुणी गेलेलं असतं तिथे पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत, फराळ बाहेरून येतो. आप्तेष्टांनी तो द्यायचा असतो.

"काही म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, तुझ्या आईशी बोलणं बंद आहे, रीत बंद नाही." केतकीने डोळे फिरवले. "आई, सीरियसली, तुम्ही दोघी ना, सेम आहात."

डबा उघडायचा नाही असं मी ठरवलं. आणि मागे ठेवायचा नाही असंही ठरवलं. दोन्हींचं कारण मला विचारू नका. स्वेटरमध्ये गुंडाळून तो बॅगेत टाकला.

तिबिलिसी

हे शहर नदीच्या दोन्ही काठांवर चढत गेलेलं आहे. जुन्या घरांना लाकडी नक्षीच्या गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेले कपडे आणि खाली बसलेली लठ्ठ मांजरं. बाजारात गेले तर विक्रेत्या बायका हाक मारून हातावर अक्रोड ठेवतात, द्राक्षं ठेवतात, खाऊन बघ म्हणतात, आणि न घेता पुढे गेलं तरी हसतात. आपल्या मंडईत "घ्यायचं असेल तर हात लावा" ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे जरा संशयास्पद वाटतं. मी पहिल्या दिवशी घाबरून सगळ्यांकडून थोडं थोडं विकत घेतलं आणि खोलीवर अक्रोडांचा ढीग झाला.

जेवणाचे हाल झाले नाहीत. लोबियानी म्हणून एक प्रकार मिळतो, घेवड्याचं सारण भरलेली जाड पोळी. पहिल्या घासाला जीभ पुरणाची वाट बघते आणि मीठ-मिरी लागल्यावर दचकते. वांग्याच्या तळलेल्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून थंड खातात. आपलं भरलं वांगं त्यांना कुणी तरी खायला घालायला हवं, असं मला वाटलं आणि लगेच त्यांचं दुसऱ्यांदा मागवलं.

नरकचतुर्दशीची आंघोळ मी तिथल्या गंधकाच्या हमामात केली. जमिनीतून कढत पाणी येतं, त्यावर घुमट बांधलेले आहेत. मंडईतून घेतलेली उटण्याची पुडी बरोबर होतीच. अंग घासून देणारी एक धिप्पाड बाई आली. मी तिला खुणेने सांगितलं, तुझ्या साबणाऐवजी हे लाव. तिने पुडी हुंगली, बोटाने चाखली, तोंड वाकडं केलं आणि मग असं काही घासलं मला, की नरकासुराचीही एवढी दुर्दशा झाली नसेल. गंधकाचा सडका वास आणि उटण्याचा वास एकत्र आला. पायाखाली फोडायला कारेटं नव्हतं, मी एक द्राक्ष फोडलं. ती बाई खो खो हसली, आणि मीही. तशी मोकळी मी कितीतरी दिवसांनी हसले असेन, आणि तेव्हा कुणी माझ्याकडे मान कलती करून बघत नव्हतं.

काखेती

तिबिलिसीहून गाडीने काखेतीत गेले. हा द्राक्षांचा मुलूख. डोंगराच्या कडेला एक लहान गाव, त्यात नीनो नावाच्या बाईकडे मी खोली घेतली होती. नीनो चाळिशीची, इंग्रजी बोलणारी. घरात तिची सासू लमारा. लमारा डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. तिचा नवरा जाऊन जमाना झाला, पण तिने काळा रंग सोडला नव्हता.

माझा नवराही ह्याच वर्षी गेला, हे नीनोने सासूला सांगितलं. म्हातारी माझ्या पिवळ्या स्वेटरकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, झालं, इथेही लिफ्ट आहे.

लमारा जवळ आली आणि माझी बाही चिमटीत धरून काहीतरी म्हणाली.

"ती विचारते, हे तुला कुणी घालायला सांगितलं?" नीनो म्हणाली.

"कुणी नाही. घालू नको म्हणून सांगणारे मात्र पुष्कळ आहेत."

लमाराने ते ऐकून मान हलवली. "मलाही काळं घाल म्हणून कुणी सांगितलं नाही," नीनोने तिचं बोलणं उलगडलं. "माझी मुलं अजून म्हणतात, काढ. मी काढत नाही. माझा माणूस, माझं दुःख. तू तुझं पिवळं घाल." मग तिने मला स्वयंपाकघरात नेऊन अक्रोड सोलायला बसवलं. पाहुणी म्हणून बसवून ठेवली नाही, ह्याचं मला फार बरं वाटलं.

पाडव्याच्या दिवशी त्यांच्याकडे मेजवानी होती. त्यांना पाडवा ठाऊक असायचं काही कारण नाही. वाइन मातीच्या मोठाल्या रांजणांत घालून रांजण जमिनीत पुरतात, आणि नवी वाइन कशी होते आहे ते बघायला नीनोचा चुलत सासरा गिया आला होता, एवढंच निमित्त. टेबलावर जागा उरली नाही इतकी ताटं. पण तिथे वाटेल तेव्हा पेला उचलून प्यायचं नसतं. एकजण उठतो, एकेका विषयावर बोलतो आणि मग सगळे पितात. तो मान गियाचा होता. आधी शांततेसाठी, मग पाहुणीसाठी, मग आईबापांसाठी. आपल्याकडच्या वक्त्यांसारखा लांबण लावेल असं वाटलं होतं, पण माणूस मनापासून बोलत होता.

मग गेलेल्यांसाठी. सगळे उभे राहिले. पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब टाकले आणि एकेक जण आपापल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल सांगू लागला. लमारा तिच्या नवऱ्याबद्दल बोलली. तो किती कंजूष होता ते सांगितलं, तर सगळे हसले, तीही हसली आणि डोळे पुसून पुन्हा हसली. मी बघतच राहिले. गेलेल्या माणसाची अशी गंमत सांगता येते, हे माझ्या घरी इतक्या महिन्यांत कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

गिया माझ्याकडे वळला. "तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

आता गंमत अशी, की लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलं, बँकेत लिहिलं, हॉस्पिटलात तर किती वेळा लिहिलं. हाक मात्र 'अहो'. मी 'माझे मिस्टर' असं काहीतरी पुटपुटले. गिया थांबून राहिला. नावाशिवाय त्यांचा पेला उचलला जात नाही.

"श्रीकांत," मी म्हटलं.

"श्रीकांत," सगळे म्हणाले, वेडंवाकडं, पण सगळे म्हणाले.

मग मला थांबताच येईना. मी सांगितलं की दर दिवाळीत हा माणूस माझी चकली तोंडात टाकून म्हणायचा, 'ताईच्या चकलीची सर नाही.' दर दिवाळीत. आणि त्या चकल्या पाडायचा कोण, तर तोच! माझं मनगट दुखतं म्हणून सोऱ्या माझ्या हातून काढून घ्यायचा, पाटावर बसून घामाघूम होत सोऱ्या फिरवायचा, आणि मग स्वतःच पाडलेल्या चकलीला माझ्या नावाने नावं ठेवायचा. नीनो उलगडून सांगेपर्यंत मी थांबत होते. हसताना गियाच्या हातातली वाइन सांडली.

"आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत," मी म्हटलं. "थँक्यू म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, बरं वाटत नाहीये का. म्हणून राहून गेलं. आता म्हणते. सोऱ्याबद्दल. सगळ्याबद्दलच."

मग मी प्यायले. होय, वाइन. पाडव्याला. आंबट होती आणि मला आवडली.

खोलीत जाऊन डबा आणला. वन्संनी चकल्यांच्या थराथरामध्ये कागद घातले होते, एक चकलीसुद्धा मोडली नव्हती. पहिली चकली मी पावाच्या त्या तुकड्याशेजारी ठेवली आणि मग डबा फिरवला. लमाराने एक खाल्ली, दुसरी काळ्या झग्याच्या खिशात टाकली.

"मग? कुणाची चांगली?" गियाने विचारलं. "तुझी की बहिणीची?"

मी एक तुकडा तोंडात टाकला. खुसखुशीत, तिखट बेताचं, तीळ पुढे आलेले. इतकी वर्षं जे मी कबूल केलं नव्हतं ते करावं लागलं. "बहिणीची," मी म्हटलं.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वन्सं आल्या. एकट्या ओट्यापाशी उभ्या, ज्याने चांगल्या झाल्यात म्हणायचं तो नाही, ज्या घरात पाठवायच्या तिथल्या बाईशी भांडण, आणि तरी तीळसुद्धा कमी नाही पडू दिला. उद्या भाऊबीज होती. मला नवरा नव्हता तसा त्यांना भाऊ नव्हता, आणि भाऊ नसलेल्या बहिणीने चंद्राला ओवाळायचं असतं. आपल्या दुःखाच्या नादात मी हे विसरूनच गेले होते.

फोन करावा असं वाटलं. पण बोलणं संपवलं होतं त्यांनी, मी नव्हे. मीही पुण्याचीच आहे. केला नाही.

भाऊबीज

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होत आली तेव्हा मी नीनोबरोबर चूरचखेला करायला बसले होते. अक्रोडांची माळ ओवून ती द्राक्षाच्या दाट रसात बुडवायची आणि वाळत टांगायची. माझे हात चिकट झालेले असताना केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मागे अंधारलेली गच्ची दिसत होती.

"आई, मी आत्याकडे आलेय. ती गच्चीत उभी आहे आणि खाली यायला तयार नाही. चंद्रच दिसत नाहीये. पश्चिमेला ती नवी बिल्डिंग झालीय ना, तिच्यामागे गेला बहुतेक. ओवाळल्याशिवाय जेवणार नाही म्हणते."

आजवर वन्संना चंद्राची गरजच पडली नव्हती. भाऊ जिना चढून यायचा. गच्चीवरून द्वितीयेचा चंद्र दिसतो की नाही, हे त्यांना कशाला माहीत असेल?

"मी तिला म्हटलं, मोबाइलवर चंद्राचा फोटो काढून देते," केतकी म्हणाली.

मागून वन्संचा आवाज आला. "छापील चंद्राला ओवाळायचं तर भिंतीवरचं कॅलेंडर काय वाईट होतं?"

मी बाहेर बघितलं. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं. पुण्यात अंधार पडला होता, इथे सूर्य नुकता कुठे टेकला होता. "केतकी, फोन ठेवू नकोस," मी म्हटलं. "नीनो, इथून पश्चिम कुठून दिसते?"

नीनोने काही विचारलं नाही. हात तसेच चिकट ठेवून ती पुढे निघाली, मी मागे. घरामागच्या टेकाडावर एक पडकी तटबंदी आहे, तिथवर दगडी पायऱ्या. माझा गुडघा ओरडत होता. मी तसल्या ओरडण्याकडे लक्ष द्यायचं केव्हाच सोडलं आहे. वर पोचलो तर समोर सगळी उतरण मोकळी आणि आकाश केशरी. आणि खाली, डोंगराच्या रेघेच्या जरा वर, नखाच्या कातरणासारखा तो होता.

"केतकी, आत्यांना दे."

पडद्यावर वन्सं आल्या. हातात ताट, निरांजन वाऱ्यापासून पदराने झाकलेलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्याकडे मावळला असेल. इथे आहे अजून. ओवाळून घ्या."

"तो तिकडचा आहे."

"अहो, चंद्र एकच आहे. तुम्हीच शाळेत शिकवलंय."

"भूगोल मी शिकवत नव्हते," त्या म्हणाल्या. मग निरांजनावरचा पदर बाजूला करून, "दाखव."

मी फोनचा मागचा कॅमेरा लावला आणि फोन उंच धरला. एवढा पांढरा ठिपका दिसत असेल, त्याहून जास्त नाही. फोनमधून ताटावर अंगठी वाजल्याचा आवाज आला. ओवाळण्याआधी त्या नेहमी अशी अंगठी वाजवायच्या, भाऊ पाटावर नीट बसावा म्हणून. हे मुद्दाम वाकडे बसायचे.

कुणी म्हणेल, बाई परदेशी जाऊन शेवटी सुधारली, चुकीची जाणीव झाली. मुळीच नाही. मी घरी बसले असते तर त्या संध्याकाळी आम्हा दोघींना चंद्र मिळाला नसता. मी गेले ते बरंच केलं आणि पुन्हाही जाईन. पण त्या तटबंदीवर उभी राहून मी आभार मानले, मोठ्याने, मराठीत, नीनोला कळत नसताना. ह्यांचे मानले. आणि मला दार बंद करूनही डबा पाठवणाऱ्या त्या तिखट बाईचे मानले. फोनमध्ये ते ऐकू गेलं असणार, कारण पलीकडचं निरांजन जागच्या जागी थांबलं.

मग वन्सं खेकसल्या.

"फोन नीट धर. माझा भाऊ हलतोय."

मी दोन्ही हातांनी फोन धरला.